चकाकी तीच, मग दाणे खवट का? (मेटलाइज्ड पाकिटाच्या आतल्या फिल्मविषयी)

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जयसिंगपूरला आमचा भडंग आणि शेंगदाणा चिवड्याचा घरगुती व्यवसाय आहे, सासूबाईंनी सुरू केलेला. २०० ग्रॅमची पाकिटं पुण्या-मुंबईच्या दुकानांत जातात. गेल्या दिवाळीपर्यंत माल चार महिने बिनतक्रार टिकायचा. त्यानंतर पाकिटांचा पुरवठादार बदलला, दर बरा होता म्हणून. नवं पाकीट दिसायला हुबेहूब तसंच, आतून तितकंच चकचकीत. पण आता सात-आठ आठवड्यांत दुकानदार माल परत पाठवायला लागलेत. तक्रार अशी की चुरमुरे अगदी कुरकुरीत, पण दाणे खवट.

तेल तेच, भट्टी तीच, दाण्याचा व्यापारी तोच. पॅक करताना नायट्रोजनही मारतो. पुरवठादार म्हणतो, "ओडी २.२ आहे, जुन्या पाकिटाइतकाच, त्यामुळे बॅरिअरही (हवा-दमटपणा अडवण्याची ताकद) तेवढाच." ओडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्याकडे सहा बायका कामाला आहेत. त्यांनी निवडलेले, भाजलेले दाणे पोत्याने फेकून देताना जीव तुटतो. यातलं कुणाला कळत असेल तर कृपया सांगा.

तळणवाला | सोमवार, रात्री १०:१५

ताई, आधी सील तपासा. भरलेलं पाकीट बादलीतल्या पाण्यात बुडवून हाताने दाबा. कोपऱ्यातून किंवा मागच्या उभ्या सीलमधून बुडबुडे आले तर दोष मशीनच्या जॉचा, म्हणजे सील दाबणाऱ्या जबड्याचा. मसाल्याची पूड सीलमध्ये अडकली तरी असं होतं. आमच्या फरसाणाच्या वेळी तेच निघालं होतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११:०५

वीस पाकिटं बुडवून बघितली, एकातूनही बुडबुडा नाही.

वाळूजकर | मंगळवार, दुपारी १:३०

ताई, तुमच्या तक्रारीतच अर्धं उत्तर आहे. चुरमुरे कुरकुरीत आहेत म्हणजे बाहेरचा दमटपणा आत जात नाही. दाणे खवट होतात म्हणजे प्राणवायू आत जातो. एकाच फिल्मला दमटपणा अडवता येतो पण प्राणवायू अडवता येत नाही, हे अगदी शक्य आहे. जुन्या आणि नव्या पाकिटाचं स्ट्रक्चर सांगाल का? कुठले थर, किती मायक्रॉनचे? बिलावर किंवा स्पेसिफिकेशनच्या कागदावर असतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ४:५०

कागद शोधले. जुनं : १२ पेट / १२ मेट पेट / ४० एलडी. नवं : २० बीओपीपी / २५ मेट बीओपीपी. पुरवठादार म्हणाला, "दोन्हीत मेटल आहे, काळजी करू नका."

वाळूजकर | मंगळवार, रात्री ८:२०

मला हेच वाटलं होतं. बाकीच्यांसाठी : पेट म्हणजे पॉलिएस्टर, बीओपीपी म्हणजे दोन्ही दिशांनी ताणलेलं पॉलिप्रॉपिलीन, एलडी म्हणजे पॉलिथिन, मेट म्हणजे मेटल चढवलेलं, आणि आकडे मायक्रॉनचे. वाळूजच्या एमआयडीसीत मेटलायझिंगच्या मशीनवर माझी २६ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिल्मवर ॲल्युमिनिअम चढतं कसं, ते आधी. एका मोठ्या बंद टाकीतली हवा काढून घेतात. आत छोट्या सिरॅमिकच्या बोटी असतात, त्या साधारण दीड हजार अंशांपर्यंत तापवतात. त्यांत ॲल्युमिनिअमची तार सतत सोडत राहायची. तार वितळते, तिची वाफ होते आणि वरून सेकंदाला दहा-दहा मीटर वेगाने धावणाऱ्या फिल्मवर ती वाफ बसते. फिल्म शून्याखाली थंड ठेवलेल्या ड्रमला चिकटून जाते, नाहीतर वितळून सुरकुतेल. बसलेला थर ३० ते ५० नॅनोमीटरचा. फॉइलच्या लॅमिनेट पाकिटांत खरी ॲल्युमिनिअम फॉइल असते ती सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे या थराच्या दीडशे-दोनशे पट जाड. इतक्या पातळ थराला स्वतःचं बळ फारसं नसतं. ज्याच्यावर बसला त्याच्या गुणानेच तो चालतो.

ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, थर किती उजेड अडवतो त्याचं माप. २.२ ओडी म्हणजे शंभरातला अर्धा-पाऊण टक्काच उजेड पार जातो. मेटल किती चढलं याचा त्यावरून अंदाज येतो. ते कसं बसलं, सलग की भोकाभोकांचं, हे ओडी सांगत नाही. आमच्याकडे एकाच दिवशी, एकाच मशीनवर, त्याच ओडीचं मेटल पेटवर आणि बीओपीपीवर चढायचं आणि लॅबमधून आकडे यायचे ते जमीन-अस्मानाचे.

अंदाजे आकडे देतो, ग्रेडप्रमाणे मागेपुढे होतात. १२ मायक्रॉनच्या साध्या पेटमधून चौरस मीटरमागे दिवसाला ११० ते १४० सीसी प्राणवायू जातो. मेटल चढलं की तो एकच्या आसपास येतो, म्हणजे शंभरेक पट सुधारणा. साध्या २० मायक्रॉन बीओपीपीतून दीड हजार सीसी किंवा त्याहून जास्त जातो. मेटल चढल्यावर चांगल्या ग्रेडला वीस-तीस, सामान्य ग्रेडला पन्नास, शंभर, कधी त्याहूनही जास्त. दमटपणाच्या बाबतीत मात्र बीओपीपी मुळातच चांगलं. साधं बीओपीपी दिवसाला पाच-सहा ग्रॅम वाफ सोडतं, तर साधं पेट चाळीसच्या वर. म्हणून तुमचे चुरमुरे वाचले आणि दाणे गेले.

साधीशंका | मंगळवार, रात्री ९:०२

काका, मेटल तेच तर खालच्या प्लास्टिकने इतका फरक का पडावा? धातूतून तर हवा जातच नाही ना?

वाळूजकर | मंगळवार, रात्री १०:१०

धातूतून जात नाही, धातूतल्या भोकांतून जाते. आणि भोकं कुठे पडणार ते फिल्मची कातडी ठरवते.

सारवलेल्या अंगणात रांगोळी कशी धरते ते आठवा. गुळगुळीत फरशीवर तीच रांगोळी वाऱ्याने सरकते. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग असा काही धरून न ठेवणारा असतो, त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे वर बसणाऱ्याला धरून ठेवायची ताकद, ३० डाइनच्या (तिचं माप) आसपास. पेटची मुळातच ४२-४३. बीओपीपीला कोरोना ट्रीटमेंट (पृष्ठभागावर विजेचा मारा) देऊन ३८-४० वर आणतात. पण ट्रीटमेंट उतरते. रोल गोडाऊनमध्ये पडून राहिला की डाइन खाली येतो. मेटलची पहिली वाफ जिथे पकड मिळेल तिथे रुजते आणि तिथून पसरत जाते. पकडीच्या जागा कमी असतील तर बेटं-बेटं तयार होतात आणि ती जिथे एकमेकांना भिडतात तिथे फटी राहतात.

अंगणात खडे असले तर रांगोळीची रेघ तुटतेच. फिल्ममध्ये हे खडे आम्हीच घालतो. रोलचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सिलिकासारखी बारीक पूड असते, तिला अँटीब्लॉक म्हणतात. एकेक कण दोन-चार मायक्रॉनचा, म्हणजे मेटलच्या थराच्या पन्नास-शंभर पट उंच. कणाच्या आडोशाला वाफ पोचत नाही. रोल गुंडाळताना कण निखळला की मेटलचा टवकाही घेऊन जातो. त्यातच फिल्म सहज सरकावी म्हणून एरुकामाइड हे निसरडं द्रव्य घातलेली साधी पॅकिंगची फिल्म असेल, तर ते मेणासारखं वर येऊन पृष्ठभागावर पसरतं. त्यावर बसलेलं मेटल बोटाने पुसलं तरी निघेल. मेटलायझिंगची ग्रेड म्हणून वेगळी फिल्म मिळते ती याचसाठी.

एक साधी परीक्षा करा. पाकिटाचे दोन थर कोपऱ्यातून सोलून काढता आले तर बघा. मेटल पूर्णपणे छपाईच्या थराबरोबर निघून आलं आणि आतला थर काचेसारखा पारदर्शक राहिला, तर मेटलची पकड कच्ची होती.

इसारतीर | बुधवार, पहाटे २:४५

वाळूजकरकाकांचा प्रतिसाद सुंदर. मी दक्षिण जर्मनीत पातळ थरांवरच काम करते, म्हणून भोकांच्या गणिताची एक बाजू जोडते.

भोकातून शिरलेला वायू थेट पलीकडे पडत नाही. त्याला खालच्या प्लास्टिकमधून वाट काढावी लागते, आणि तो तिथे चहूबाजूंनी पसरत जातो. १९५९ मध्ये प्रिन्स आणि हर्मन्स यांनी धातू चढवलेल्या फिल्मसाठी याचं गणित मांडलं. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, खालचं प्लास्टिक जितकं घट्ट, तितकं भोक निरुपद्रवी. तेवढ्याच भोकांतून पेटवर जितका प्राणवायू जाईल त्याच्या दहा-बारा पट बीओपीपीवर जाईल, कारण प्लास्टिकच तितकं मोकळं आहे. म्हणजे भोकांची संख्या सारखी असती, तर मेटल चढवल्यावरही दोन फिल्ममधला फरक मूळ फरकाएवढाच राहायला हवा होता. काकांनी दिलेल्या आकड्यांत तो तीस, पन्नास, शंभर पट झालेला दिसतो. वरचा हा जो फरक आहे तो कातडीचा : बीओपीपीवर थर सलग बसलाच नाही.

दुसरी गोष्ट मला शिकताना फार नवलाची वाटली होती. एक मोठं भोक आणि त्याच क्षेत्रफळाची हजार बारीक भोकं, यांत हजार बारीक भोकं जास्त घातक. प्रत्येक भोकाच्या कडेने वायू बाजूला पसरतो, म्हणून क्षेत्रफळापेक्षा कडांची एकूण लांबी महत्त्वाची ठरते. डोळ्याला दिसणाऱ्या एखाद्या चरापेक्षा न दिसणारी धूळ आणि अँटीब्लॉक यांचीच भीती जास्त.

यावरून हेही कळतं की थर जाड करून फार काही साधत नाही. एका ठराविक जाडीपर्यंत बॅरिअर झपाट्याने सुधारतो, मग जवळजवळ थांबतो, कारण धुळीच्या कणाखालचं भोक जाडीने बुजत नाही. उलट ऑक्साइडचा थर (पारदर्शक बॅरिअरसाठी धातूऐवजी देतात तो) जाड केला की तो ठिसूळ होतो आणि एक-दोन टक्के ताणालाच तडकतो. पातळ थर थोडा जास्त ताण सोसतो.

प्रयोगवही | बुधवार, सकाळी १०:३०

पुण्यात पॅकेजिंगच्या चाचण्या करते. कृष्णाकाठ, तुमच्या पाकिटापुरता हिशेब मांडून बघते.

पाकीट १८ बाय २५ सेंमी धरलं तर दोन्ही बाजू मिळून ०.०९ चौरस मीटर. मेट बीओपीपीचा ओटीआर, म्हणजे चौरस मीटरमागे दिवसाला पार जाणारा प्राणवायू, ५० सीसी धरू. हा आकडा एका बाजूला शुद्ध प्राणवायू ठेवून मोजलेला असतो, हवेत तो पाचवा हिस्सा, म्हणून ०.२१ ने गुणायचं. ५० × ०.०९ × ०.२१ म्हणजे दिवसाला ०.९५ सीसी. साठ दिवसांत ५७ सीसी. मेट पेटचा ओटीआर १ धरला तर साठ दिवसांत फक्त सव्वा सीसीच्या आत.

पाकिटात ४०० सीसी मोकळी जागा असेल आणि नायट्रोजन मारल्यावर दोन टक्के प्राणवायू उरला असेल, तर तो ८ सीसी. तुम्ही मेहनतीने तिथवर आणता आणि फिल्म दोन महिन्यांत त्याच्या सात पट आत सोडते. नायट्रोजनचा खर्च असा वाया जातो.

एक विनंती. ओटीआर मोजायला द्याल तेव्हा रोलचा कोरा तुकडा देऊ नका, भरलेल्या पाकिटाचा द्या. पॅकिंग मशीनच्या कॉलरवरून (फिल्मला नळीचा आकार देणारा भाग) फिल्म वळते, दुमडते, ओढली जाते, आणि तिथेच मेटलला बारीक तडे जातात. बीओपीपी पेटपेक्षा सहज ताणलं जातं. छपाईच्या गरम टनेलमध्ये ताण थोडा जास्त राहिला तर फिल्म लांबते आणि मेटलला लांबता येत नाही. कोऱ्या तुकड्याचा आकडा सुरेख आणि पाकिटाचा वाईट, असं माझ्या टेबलावर वारंवार येतं.

हिरवीगार | बुधवार, दुपारी १२:१५

सगळं पटलं, पण एक बाजू मांडते. पेट आणि एलडीचं लॅमिनेट पुन्हा वापरात आणणं फार अवघड, कारण दोन प्लास्टिकं वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. बीओपीपीवर बीओपीपी असेल तर अख्खं पाकीट एकाच जातीचं. मेटल त्यात नगण्य : ४० मायक्रॉनच्या फिल्मवर ४० नॅनोमीटर म्हणजे जाडीने हजारावा भाग. आपल्याकडे प्लास्टिक पाकिटांत माल विकणाऱ्यांवर कचऱ्याची जबाबदारी नियमांनी टाकलेली आहे. मी कचरावेचक बायकांबरोबर काम करते. पेट-एलडीची पाकिटं त्या उचलतच नाहीत, कारण कुणी विकत घेत नाही. सगळ्यांना मेट पेटकडे परत जा म्हणणं मला जड जातं.

वाळूजकर | बुधवार, दुपारी ३:४०

तुमचं म्हणणं रास्त आहे आणि त्यावर काम झालेलं आहे. बीओपीपी म्हणजे एकच थर नसतो. मधला गाभा पॉलिप्रॉपिलीनचा आणि दोन्ही बाजूंना एकेक मायक्रॉनच्या आसपासची पातळ कातडी. मेटलच्या बाजूची कातडी बदलता येते. तिथे मेटलला धरून ठेवणारं, जास्त ध्रुवीय पॉलिमर घातलं, मेटल चढायच्या क्षणभर आधी त्याच टाकीत प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) मारला आणि अँटीब्लॉक दुसऱ्या बाजूला ठेवला, तर त्याच गाभ्यावर बॅरिअर कितीतरी सुधारतो. काही ग्रेडमध्ये कातडी ईव्हीओएच या प्राणवायू अडवणाऱ्या प्लास्टिकची असते. मग ओटीआर मेट पेटच्या बरोबरीला येतो. महाग असते, पण मिळते. आपल्या छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक पट्ट्यात फिल्मचे मोठे कारखाने आहेत, तिथल्या विक्रेत्यांकडे 'हाय बॅरिअर मेट बीओपीपी' म्हणून विचारा. फक्त अँटीब्लॉक दुसऱ्या बाजूला ठेवला म्हणून निर्धास्त होऊ नका. रोल गुंडाळला की ती बाजू मेटलवरच दाबली जाते. रोलचा ताण आणि धूळ दोन्ही सांभाळावे लागतात.

तळणवाला | बुधवार, संध्याकाळी ६:००

काका, पारदर्शक बॅरिअर पाकीटही मिळतं म्हणे. गिऱ्हाइकाला माल दिसला की खप वाढतो.

इसारतीर | गुरुवार, पहाटे १:२०

मिळतं. पेटवर ॲल्युमिनिअम ऑक्साइड किंवा सिलिकॉन ऑक्साइडचा दहा-वीस नॅनोमीटरचा थर देतात. प्राणवायू चांगला अडतो, मायक्रोवेव्हलाही चालतं. पण उजेड अडत नाही आणि दाण्याचं तेल उजेडानेही खवट होतं. दुकानात ट्यूबलाइटखाली टांगलेल्या पाकिटासाठी मी ते सुचवणार नाही.

हे ऑक्साइड धातूपेक्षा जास्त नाजूक, म्हणून खालच्या फिल्मची परीक्षाही कडक होते. पेट सत्तर-ऐंशी अंशांच्या वर तापलं की मऊ होऊ लागतं, आतले छोटे रेणू पृष्ठभागावर येऊन त्यांचे स्फटिक बनतात आणि थराला खालून उचलतात. उष्णतेने प्लास्टिक काचेसारख्या थरापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, म्हणून थंड-गरम होताना ताण येतो. १२१ अंशांवर निर्जंतुक करायच्या पाकिटांत या सगळ्याची कसोटी लागते. नायलॉनचं दुखणं आणखी वेगळं. ते हवेतलं पाणी पितं.

वाळूजकर | गुरुवार, सकाळी ९:१५

नायलॉनचं अगदी खरं. पावसाळ्यात नायलॉनचा रोल उघडा राहिला आणि तसाच मशीनवर घेतला, तर टाकीत वाफ सुटते, व्हॅक्यूम बसत नाही आणि मेटल दुधाळ दिसतं. आम्ही ते रोल शेवटच्या क्षणापर्यंत वेष्टनातून काढत नसू.

साधीशंका | गुरुवार, सकाळी ११:३०

इसारतीर, तुम्ही नेमकं कशासाठी बॅरिअर बनवता? खाण्याच्या पाकिटांसाठीच?

इसारतीर | शुक्रवार, पहाटे ३:१०

नाही, वाकणारे पडदे आणि सौरपत्रे यांच्यासाठी. तुमच्या पाकिटातून दिवसाला चौरस मीटरमागे अर्धा-एक ग्रॅम वाफ गेली तरी भडंग टिकतं. ओएलईडी पडद्याला चालते ती एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकं कमी मोजायला नेहमीची यंत्रं पुरत नाहीत. आम्ही फिल्मच्या आड कॅल्शिअमचा पातळ आरसा बंद करतो. पाणी पोचलं की कॅल्शिअम तिथे पारदर्शक होतं आणि ठिपके दिसायला लागतात. ठिपका जिथे उगवतो त्याच्या बरोबर वर, सूक्ष्मदर्शकाखाली, जवळजवळ दर वेळी मूळ फिल्मवरचा एखादा कण किंवा ओरखडा सापडतो. कितीतरी महिने मी थराच्या रसायनात चूक शोधत होते, आणि ती खालच्या फिल्मवर, माझ्या हाती रोल येण्याआधीच पडलेली होती.

म्हणून आम्ही आधी फिल्मवर एक-दोन मायक्रॉनचा द्रव पॉलिमर पसरून घट्ट करतो. खडे त्याखाली गाडले जातात. त्यावर ऑक्साइड, मग पुन्हा पॉलिमर, पुन्हा ऑक्साइड. एका थरातलं भोक दुसऱ्यातल्या भोकासमोर येत नाही, वायूला नागमोडी जावं लागतं. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत ही पद्धत वाढली. पॉलिप्रॉपिलीनवर अणुथर (रसायनाच्या वाफेतून अणूंच्या एकेका थराने वाढवलेला थर) चढवायचा प्रयत्न केला की वेगळीच अडचण येते : रसायनाला पकडायला पृष्ठभागावर रासायनिक गटच नसतात, ते प्लास्टिकच्या आत झिरपतं आणि तिथे गाठी धरतं. वाळूजकरकाकांच्या रांगोळीची हीच गोष्ट.

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी २:००

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू? काकांनी सांगितलं तसं पाकीट सोललं. मेटल सगळं छपाईकडे गेलं आणि आतली फिल्म स्वच्छ पारदर्शक. बोटाने चोळलं तर कडेचं उरलेलंही निघालं. प्रयोगवहीताई, पाकिटं तपासायला पाठवते. तोपर्यंत घरच्या घरी काही करता येईल का?

प्रयोगवही | शुक्रवार, संध्याकाळी ५:४५

प्राणवायूसाठी घरी उपाय नाही. पण दमटपणासाठी आहे. सिलिका जेल ओव्हनमध्ये वाळवून पाकिटात घाला, सील करा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. जुन्या आणि नव्या फिल्मची पाच-पाच पाकिटं शेजारी ठेवा. वाढलेलं वजन म्हणजे आत गेलेलं पाणी. पाच पाकिटांत एखादं वेगळं वागलं तर ते सील समजा, पाचही सारखी वागली तर ती फिल्म.

पुरवठादाराकडे यापुढे लेखी मागा : भरलेल्या पाकिटाचा ओटीआर आणि मेटलच्या पकडीची चाचणी. शिवाय बेस फिल्म मेटलायझिंग ग्रेडची आहे का आणि ती कधी बनली, ही तारीखही. ओडीचा आकडा सोबत असू द्या, पण त्यावर सौदा करू नका.

कृष्णाकाठ | साडेतीन महिन्यांनंतर, रविवार

धागा वर काढते, कारण उत्तर देणं राहिलं होतं. लॅबमधून आकडे आले. शिल्लक होत्या त्या जुन्या पाकिटांचा ओटीआर एकच्या जवळ, नव्यांचा साठच्या वर. पुरवठादाराला कागद दाखवले तेव्हा त्यांनी मान्य केलं की बेस फिल्म साध्या ग्रेडची होती आणि रोल बरेच महिने पडून होते. उरलेले रोल त्यांनी परत घेतले.

आता दोन प्रकार लावलेत. लांबच्या दुकानांना मेट पेटचं जुनं स्ट्रक्चर. कोल्हापूर-सांगलीला, जिथे माल महिन्याभरात संपतो, तिथे बदललेल्या कातडीचं मेट बीओपीपी. हिरवीगार, तुमचा प्रतिसाद वाचून तेवढं तरी करायचं ठरवलं. दोन्हीतली दहा-दहा पाकिटं तारीख घालून फडताळात ठेवली होती. परवा तीन महिने पूर्ण झाले. सासूबाईंपुढे दोन वाट्या ठेवल्या, कुठली कशातली ते न सांगता. त्यांनी दोन्हींतला एकेक दाणा चाखला, काही बोलल्या नाहीत, आणि बीओपीपीची वाटी जवळ ओढून खात बसल्या. दहापैकी सहा पाकिटं अजून शिल्लक आहेत, ती चौथ्या महिन्याला उघडून सांगते.